पाठभेद नसलेले संपादन

माझ्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होते. गालांवर देवीचे व्रण होते, आणि जड कुड्या वागवून वागवून कानाच्या पाळ्या खाली ओघळल्या होत्या. तिचा एकटीचा फोटो आयुष्यात एकदाच निघाला, तालुक्याच्या गावी, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर. तो कृष्णधवल फोटो साठ-पासष्ट वर्षे आमच्या घरात काचेमागे होता.

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याच्या मनात आले की पणजीचा फोटो स्वच्छ करून मोठा करावा आणि आजीला, म्हणजे माझ्या आईला, पाडव्याला द्यावा. त्याने आधी मोबाइलवर फोटोचा फोटो काढला. मग फ्रेम उघडून मूळ फोटो बाहेर काढायला गेला, तर वर्षानुवर्षांच्या दमटपणाने कागद काचेला चिकटलेला. ओढताना चेहऱ्याचा निम्मा भाग काचेवरच राहिला. त्याला वाईट वाटले, पण मोबाइलमध्ये प्रत आहे म्हणून तो निर्धास्त होता. ती प्रत त्याने एका ॲपमध्ये घातली, चेहरा ‘सुधारण्याचे’ बटण दाबले, निकाल पाहून खूश झाला आणि ‘सेव्ह’ केले. त्या ॲपने नवी प्रत केली नाही. जुन्या चित्राच्या जागीच नवे चित्र ठेवले.

आईने ती मोठी फ्रेम मांडीवर घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “बाळा, फोटो छान आलाय. पण ही आई नाही.”

गोंदण गेले होते. देवीचे व्रण गेले होते. कानाच्या पाळ्या तरुण मुलीसारख्या आखूड झाल्या होत्या. डोळ्यांत एक चमक आली होती, जी त्या स्टुडिओतल्या उजेडात कधीच नव्हती. आणि या सगळ्याच्या आधी आजी कशी दिसत होती, हे धड दाखवणारे काहीही आता घरात उरले नव्हते. भाच्याने वाईट असे काही केले नव्हते. त्याने एक बटण प्रेमाने दाबले होते. ते बटण बनवणाऱ्यांनी मात्र एका साध्या गोष्टीचा विचार केलेला नव्हता, की मूळ फोटो जपायचा असतो. ही चूक आमच्या घरापुरती नाही. फोटो सुधारण्याची घरगुती साधने गेली वीस-पंचवीस वर्षे ज्या दिशेने चालली आहेत, त्या वाटेवरची ती एक साधी, रोजची घटना आहे.

आपण या कामाला मराठीत ‘फोटो-संपादन’ म्हणतो. तोच शब्द ग्रंथासाठी वापरतो. ग्रंथाचे संपादन म्हणजे काय, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तसे केल्याची नोंद त्याच प्रतीच्या शेवटी ओव्यांत करून ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते धुंडाळली गेली. त्या आवृत्तीचे कुठलेही पान उघडून पाहावे. वर संपादकांनी निवडलेला पाठ असतो आणि खाली बारीक टायपात पाठभेद असतात, म्हणजे कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द वेगळा आहे याची नोंद. वरचा पाठ ज्याला पटत नाही त्याने खाली पाहावे आणि आपला निर्णय आपण घ्यावा. संपादकाची विद्वत्ता पानाच्या वरच्या भागात दिसते, पण त्याचा प्रामाणिकपणा तळाशी असतो.

फोटोच्या संपादनात हा तळच नाहीसा होत चालला आहे. काय बदलले, कोणी बदलले, आधी काय होते, याची नोंद एक तर होत नाही, किंवा झाली तर अशा जागी होते की फोटोच्या मालकाला ती वाचता येत नाही आणि बरोबर नेता येत नाही.

पूर्वीचे फोटो शुद्ध आणि खरे होते, असा माझा मुळीच दावा नाही. स्टुडिओतले रिटचिंग फोटोग्राफीइतकेच जुने आहे. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढणारे कारागीर प्रत्येक शहरात होते. कृष्णधवल फोटोत साडीचा काठ आणि कपाळावरचे कुंकू ब्रशने रंगवलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. पण ती निगेटिव्ह उजेडासमोर धरली तर पेन्सिलीच्या रेघा दिसत. रंगवलेल्या फोटोतला रंग रंगच वाटे, त्याने कोणी फसत नसे. शिवाय कारागीर समोर बसलेल्या माणसाला विचारू शकत असे, ‘तीळ ठेवू का?’ गोंदण हा डाग नव्हे, हे त्याला ठाऊक होते, कारण त्याच्या आईच्या हातावरही ते होते.

यंत्राला ते ठाऊक नाही. ‘हील’ किंवा ‘डाग काढा’ या नावाने जे साधन मिळते, त्याचे काम सोपे आहे. आसपासच्या त्वचेहून वेगळा दिसणारा ठिपका शोधायचा आणि शेजारच्या त्वचेचा पोत तिथे पसरायचा. तीळ, पुटकुळी, गोंदण, देवीचा व्रण, भाजल्याची खूण, त्याच्या लेखी सगळे सारखे. आपल्या देशात १९७५ नंतर देवीचा रुग्ण सापडलेला नाही. ते व्रण असलेले चेहरे आता थोडे उरले आहेत आणि काही वर्षांनी एकही उरणार नाही. मग ते फक्त फोटोत असतील, जर फोटोत राहू दिले तर. छायाचित्रकार नारायण विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतल्या भिंतींचे फोटो काढले. त्यांत माणसे गोळ्यांच्या खुणांकडे बोट दाखवत उभी आहेत. त्या फोटोंचे सगळे मोल त्या छिद्रांत आहे. डाग काढणाऱ्या साधनाला ती छिद्रे म्हणजे भिंतीवरचे डागच.

संगणक घरात आला तेव्हा सुरुवातीचा धोका वेगळा होता. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, पण ते व्यावसायिकांचे होते. आपल्याकडे ते पासपोर्ट फोटोच्या दुकानांतून आणि लग्नाच्या अल्बमवाल्यांकडून परिचयाचे झाले. घरगुती माणसासाठी त्याचे लहान रूप, फोटोशॉप एलिमेंट्स, २००१ मध्ये निघाले. तेव्हा लोकांचे नुकसान बहुतेक जेपेगने होई. जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला फारसा जाणवणार नाही असा तपशील टाकून देतात. फोटो उघडला, थोडा उजळ केला, सेव्ह केला, पुन्हा उघडला, पुन्हा सेव्ह केला, की दर वेळी थोडा तपशील जातो आणि गेलेला परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे. पण निदान ते नुकसान कळण्याजोगे होते. ‘सेव्ह ॲज’ करून दुसरे नाव द्यायचे, एवढी सवय लागली की मूळ फाइल वाचत असे.

मग खरोखर चांगली कल्पना आली, आणि तिच्यातच आजच्या अडचणीचे बी आहे. कल्पना अशी, की मूळ फाइलला हातच लावायचा नाही. काय बदलायचे याच्या फक्त सूचना वेगळ्या लिहून ठेवायच्या. इतका उजेड वाढवा, इथून कापा, हा ठिपका झाका. पडद्यावर दाखवताना मूळ चित्रावर त्या सूचना लावून दाखवायचे. म्हणजे तत्त्वतः हे पाठभेदांसहित संपादनच झाले. वर संपादित पाठ, तळाशी सगळी नोंद.

पिकासा हे याचे आपल्या घराघरांत पोहोचलेले उदाहरण. गूगलने ते २००४ मध्ये विकत घेऊन फुकट वाटले. साध्या संगणकावर झटपट चाले, संगणकातले सगळे फोटो आपणहून शोधून मांडे. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले फोटो लावून ठेवणारे आईवडील, अशा कितीतरी लोकांनी त्यात वर्षानुवर्षे काम केले. २००९ मध्ये त्यात चेहरे ओळखण्याची सोय आली. एका चेहऱ्याला नाव दिले की ते तसेच इतर चेहरे शोधून काढी आणि विचारी, हेही तेच का? ज्येष्ठ माणसांना शेजारी बसवून ही नावे भरण्याचे काम पुष्कळ घरांत झाले. ही नर्मदाआत्या, हे तिचे दीर, हा साखरपुड्याचा फोटो. एका परीने तो त्या घरापुरता कुलवृत्तांतच होता.

ही नावे आणि केलेले बदल पिकासा लिहून ठेवी ते प्रत्येक फोल्डरमधल्या ‘.पिकासा.आयएनआय’ नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये. बदल कायम केले, की मूळ फोटो ‘.पिकासाओरिजिनल्स’ या लपलेल्या फोल्डरमध्ये जाई. दोन्ही सहसा नजरेस पडत नसत. फोटो पेनड्राइव्हवर घेताना फक्त फोटो निवडले, की सूचनांची फाइल मागे राही आणि नव्या संगणकावर बदल आणि नावे दोन्ही गायब. संगणक साफ करून देणाऱ्याला लपलेले फोल्डर दिसले, की त्याला ते कचरा वाटत आणि तो पुसून टाकी. म्हणजे बदल केलेल्या फोटोंचे मूळ गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद करण्याचे जाहीर केले आणि १५ मार्चपासून त्याचा आधार थांबवला. ज्यांच्या संगणकावर ते आधीच होते त्यांचे चालू राहिले, हे खरे. पण नवा संगणक घेतला, की प्रश्न उभाच. ज्या वृद्धांनी नावे सांगितली होती त्यांतले किती जण तोवर गेले होते! फोटो राहिले आणि त्यांतल्या माणसांची नावे हरवली. फोटोला याहून मोठी इजा होत नाही, असे मला वाटते. फिकट झालेला फोटो पाहून ‘ही आत्या’ म्हणता येते, पण लख्ख चेहऱ्याखाली नाव नसेल तर तो बाजारात मिळणाऱ्या कुणाही अनोळखी माणसाचा फोटो होतो.

पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे तरी काय झाले? ॲपलने २००५ मध्ये काढलेले ॲपर्चर हे गंभीर हौशी माणसांचे आवडते साधन होते. २०१४ मध्ये ते बंद होणार असे जाहीर झाले, २०१५ मध्ये विक्रीतून गेले आणि २०१९ च्या मॅकओएसवर ते चालेनासे झाले. मूळ फोटो बाहेर काढता आले, पण दहा वर्षे निगुतीने केलेल्या सुधारणा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडून बदलता येत नव्हत्या. त्या सूचना ॲपर्चरच्या भाषेत लिहिलेल्या होत्या आणि ती भाषा पुरती बोलणारे दुसरे कोणी नव्हते. आयफोनचे फोटो विंडोजच्या संगणकावर घेतले, की ‘एएई’ अशा शेपटाच्या छोट्या फाइली दिसतात. अनेकांना त्या निरुपयोगी वाटतात आणि ते पुसतात. त्या फाइली म्हणजे फोनवर केलेल्या संपादनाच्या नोंदीच आहेत.

फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीची गोष्ट निराळी, कारण ती पैशांशी जोडलेली आहे. २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढे मोठ्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, दरमहा वर्गणी भरायची. फोटो मांडण्याचे आणि सुधारण्याचे त्यांचे दुसरे साधन, लाइटरूम, काही काळ एकरकमी मिळत राहिले. २०१५ ची सहावी आवृत्ती ही तशी शेवटची, आणि तिच्यात शेवटची सुधारणा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. त्यानंतर नवा कॅमेरा घेणाऱ्याला त्याच्या रॉ फाइली त्या आवृत्तीत उघडता येईनात. घरगुती म्हणवणाऱ्या एलिमेंट्सचा परवानाही २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांचा झाला. वर्गणी थांबवली तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात, पण पूर्वी केलेल्या सुधारणा पुन्हा उघडून बदलण्याचा विभाग बंद होतो. म्हणजे आपले टिपण आपल्याला वाचता येते, त्यात खाडाखोड करण्यासाठी भाडे भरावे लागते. वर्गणी रद्द करण्याची वाटही सोपी नव्हती, अशी तक्रार अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये न्यायालयात नेली. मुदतीपूर्वी सोडल्यास लागणारा दंड ग्राहकापासून झाकून ठेवला, हा तिच्यातला मुख्य आरोप. आणि ऑगस्ट २०२० मध्ये आयफोनवरच्या लाइटरूमच्या एका सुधारणेने, क्लाउडवर न गेलेले फोटो आणि साठवलेल्या जुळण्या (प्रीसेट) वापरणाऱ्यांच्या फोनमधून नाहीशा झाल्या. त्या परत मिळणार नाहीत, हे कंपनीने मान्य केले. वर्गणी नियमित भरणाऱ्यांचेच हे नुकसान होते.

आज मात्र बहुतेक मराठी घरांत लाइटरूम नाही. तिथे फोन आहे आणि फोनमागे क्लाउड. गूगल फोटोज २०१५ मध्ये आले ते अमर्याद फुकट जागेचे आश्वासन घेऊन. १ जून २०२१ पासून ते आश्वासन संपले आणि पंधरा जीबीचा हिशेब सुरू झाला. फुकटच्या काळात ठेवलेले फोटो आकसून ठेवले जात होते, सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जाई. त्यात ‘फोनमधली जागा मोकळी करा’ हे बटण आहे. ते दाबले, की फोनमधली पूर्ण आकाराची फाइल जाते आणि क्लाउडवर आकसलेली उरते. ज्याने आकसण्याचा पर्याय निवडला होता त्याला हे ठाऊक असायला हवे, असे कोणी म्हणेल. पण तो पर्याय त्याने सहा वर्षांपूर्वी, फोन नवीन घेतला तेव्हा, दुकानातल्या मुलाने पुढे पुढे बोट सरकवताना निवडला होता. सगळे फोटो एकदम उतरवून घेण्याची सोयही तिथे आहे, आणि ती आहे हे चांगले. पण आपण लिहिलेली माहिती आणि दुरुस्त केलेल्या तारखा फोटोसोबत वेगळ्या ‘जेसन’ फाइलींत येतात. ज्याला हे माहीत नाही त्याला आजोबांचा १९७२ चा फोटो २०१९ मध्ये स्कॅन केल्याच्या तारखेखाली सापडतो. पिकासाच्या लपलेल्या फाइलीची तीच गोष्ट, नव्या कपड्यांत.

क्लाउडच्या बाबतीत आणखी एक नियम घरोघरी माहीत असायला हवा. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल त्यातल्या फोटोंसह काढून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून याची अंमलबजावणी सुरू झाली. माणूस गेल्यावर त्याचे खाते कोण उघडणार? बँकेत नॉमिनी लावतो, गॅसच्या पुस्तकावरचे नाव बदलतो. वडिलांच्या फोनचा पासवर्ड मात्र वडिलांबरोबर जातो. खाते निष्क्रिय झाल्यास ते कोणाच्या हाती द्यावे, हे आधी सांगून ठेवण्याची सोय गूगलमध्येच आहे, पण ती वापरलेला माणूस मला माझ्या ओळखीत अजून भेटलेला नाही.

आतापर्यंतचे नुकसान नोंदीचे होते. आता स्वतः चित्राचेच होते आहे, आणि ते जास्त गंभीर आहे, कारण ते सुधारणेसारखे दिसते.

अस्पष्ट चेहरा यंत्र जेव्हा ‘स्पष्ट’ करते, तेव्हा ते फोटोत दडलेले काही बाहेर काढत नाही. तिथे तपशील नसतोच. यंत्राने असंख्य चेहरे पाहिलेले असतात, त्यांवरून अशा अंधुक ठिपक्यांच्या जागी बहुधा काय असते याचा ते अंदाज करते आणि तो अंदाज रेखीव रंगवते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका पद्धतीला बराक ओबामांचा चौकटी-चौकटीचा अंधुक फोटो दिला, तर तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. चेहरा नीटस होता, फक्त तो ओबामांचा नव्हता. आजीच्या गोंदणाचे हेच झाले. त्या यंत्राने पाहिलेल्या चेहऱ्यांत हनुवटीवर हिरवे ठिपके असलेली मराठी म्हातारी बहुधा अपवादानेच असणार, आणि सरासरीत अपवाद उरत नाही. वर्णाबाबतही हा अनुभव जुना आहे. २०१७ मध्ये फेसॲपच्या चेहरा आकर्षक करणाऱ्या फिल्टरने सावळ्या माणसांना गोरे केले आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एकोणसाठ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यांत ब्यूटीप्लस, मेइतू, स्वीट सेल्फी अशी चेहरा गुळगुळीत करणारी कितीतरी होती. बंदी सुरक्षेच्या कारणाने होती. त्वचा उजळण्याची सवय ती ॲप्स गेल्यावरही फोनच्या कॅमेऱ्यात तशीच राहिली. स्थळासाठी पाठवायच्या फोटोत मुलीला दोन छटा गोरी करून मागणारे घर आपल्याला परके नाही. यंत्र आपल्या जुन्या रोगाला खतपाणी घालते, एवढेच त्याबद्दल म्हणतो आणि पुढे जातो.

यंत्राचा अंदाज खऱ्यासारखा दिसतो तेव्हा काय होते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण फोटोतले नाहीच. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका संगणकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनर-यंत्रांतून निघालेल्या बांधकामाच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदलली आहेत. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र सारखी दिसणारी अक्षरे एकच मानून एकाच्या जागी दुसरे ठेवी. सहाच्या जागी आठ येई. आकडा पुसट झाला असता तर कोणीही शंका घेतली असती. तो स्वच्छ छापलेला होता, म्हणून कोणी घेतली नाही.

फोटोचेही हेच आहे. पुसट फोटो स्वतःच सांगतो की माझ्यावर फार विसंबू नका. सुधारलेला फोटो तसे सांगत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०२३ पासून अशी सोय आहे, की एकामागून एक काढलेल्या समूहफोटोंतून प्रत्येकाचा सर्वांत चांगला चेहरा निवडून एकच फोटो जुळवता येतो. लग्नातला फोटो सुंदर होतो. पण तो ज्या क्षणाचा म्हणून ठेवला जाईल तो क्षण कधी घडलाच नव्हता. हे खोटे आहे असे म्हणून मी कोणाला दोषी ठरवत नाही. माझा आग्रह एवढाच, की पन्नास वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याला हे कळायला हवे. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने मातृदिनाला दिलेला एक कौटुंबिक फोटो जगातल्या मोठ्या वृत्तसंस्थांनी मागे घेतला, कारण मुलीच्या बाहीची कड जुळत नव्हती. वृत्तसंस्थेकडे फोटो तपासणारी माणसे असतात. आपल्या घरातला अल्बम कोण तपासणार?

आणि जे गेले म्हणून आपण निश्चिंत असतो, ते कधी कधी गेलेलेच नसते. मार्च २०२३ मध्ये उघड झाले, की पिक्सेल फोनमधल्या फोटो कापण्याच्या साधनाने कापलेला भाग फाइलीत तसाच मागे ठेवला होता आणि तो बऱ्याच अंशी परत मिळवता येत होता. २०१८ पासूनचे स्क्रीनशॉट त्यात सापडत होते. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष निघाला. बँकेचा खातेक्रमांक, घराचा पत्ता कापून लोकांनी जे फोटो निर्धास्तपणे पाठवले, त्यांत ते सगळे राहिलेले असू शकत होते. पाच वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नाही. आजीचे गोंदण हवे होते ते गेले आणि खातेक्रमांक नको होता तो राहिला. दोन्हींचे मूळ एकच. फाइलीत नेमके काय आहे हे पाहण्याची सोय तिच्या मालकाला नाही.

कायद्याला ही गरज समजली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलीचे ‘हॅश’ मूल्य मागितले आहे. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा. एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. अपघाताचा, पडलेल्या भिंतीचा, पाण्याखाली गेलेल्या शेताचा फोटो ज्यांना उद्या कुठे सादर करावा लागेल, त्यांनी तो उजळवून किंवा कापून मूळ फाइल घालवली तर तो ठसाच हरवतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला, की तो आकसतो आणि कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची त्यातली नोंद निघून जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जशाचा तसा जातो. एवढी साधी गोष्ट शाळेच्या संगणक-तासाला शिकवता येईल.

मी संपादनाच्या विरुद्ध नाही. फाटलेला फोटो जोडावा, फिकट पडलेला गडद करावा. पण त्याआधी मूळ कागद आहे तसा स्कॅन करून, टिफसारख्या काही न टाकणाऱ्या फाइलीत, एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्या फोल्डरमध्ये कुठल्याही ॲपला शिरू देऊ नये. कुटुंबातल्या दोन घरांत दोन डिस्क ठेवाव्यात. चेहऱ्यांची नावे द्यायची तर अशा साधनात द्यावीत जे ती फोटोच्या फाइलीतच लिहिते. डिजिकॅम हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर तसे करू शकते, सेटिंग एकदा तपासून घ्यावी. ते सुटसुटीत नाही, हेही सांगतो. पण त्याने लिहिलेली नावे उद्या दुसऱ्या साधनाला वाचता येतात. आणि संगणकाची कटकट ज्यांना नको त्यांनी फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहावे. आपल्या आजोबांनी तेच केले होते. त्यांचे ‘चि. वसंत, मुंज, शके १८७४’ आजही वाचता येते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून मागणी मोठी नाही. ‘सेव्ह’ म्हटल्यावर मूळ फाइल मालकाला दिसेल अशा जागी राहावी. यंत्राने जो भाग अंदाजाने रंगवला, त्याच्या नोंदीने चित्रासोबतच प्रवास करावा. नोंदीची भाषा सर्वांना वाचता येणारी असावी. या दिशेने थोडे कामही चालू आहे. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही मिळून २०२१ पासून ‘सी-टू-पी-ए’ नावाचे एक मानक घडवत आहेत, ज्यात फोटोचा जन्म आणि त्यावर झालेले संस्कार यांची स्वाक्षरी केलेली नोंद फाइलीत राहते. पण व्हॉट्सॲपच्या एका फेरीत ती गळून पडली, तर आपल्या घरांपर्यंत ती पोहोचणार कशी, हा प्रश्न आज तरी तसाच आहे.

ती मोठी फ्रेम आम्ही काढून टाकली नाही. भाच्याचे मन मोडायचे नव्हते आणि दुसरा फोटो नव्हताही. काचेला चिकटलेला आणि कागदावर उरलेला, असे दोन्ही तुकडे स्कॅन करून ठेवले. मग आईने फ्रेम उलटी केली आणि मला म्हणाली, “लिही. मी सांगते.” मी पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहिले, की हा चेहरा यंत्राने सुधारलेला आहे, गालांवर देवीचे व्रण होते, कान ओघळलेले होते, डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले होते, ते पदराखाली आहे. हनुवटीवर तीन ठिपके. तेवढ्यात खात्री करायला म्हणून तिने मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “तीन कुठले, पाच होते! मधला मोठा.” दोघी बराच वेळ वाद घालत राहिल्या. शेवटी आई म्हणाली, “दोन्ही लिही. माझे तीन, तिचे पाच.”

मी दोन्ही लिहिले आणि खाली तारीख घातली.